सायकल-पर्यटन, रत्नागिरी जिल्ह्यातील

जांभा खडकाच्या सड्यांवरून (सपाट पठारांवरून), खाड्यांच्या काठाने व किनारी मार्गाने सायकलवरून केलेला प्रवास. इंग्लंडात कालव्यांतील नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी ज्या सपाट वाटा बांधल्या गेल्या, त्यांवर कालांतराने निवांत सायकलप्रवास रूढ झाला. त्याचे कोकणातील प्रतिरूप खाडीकाठच्या वाटांवर आढळते. मात्र सडा खाडीपाशी एकाएकी तुटत असल्यामुळे येथे तीव्र उतार व त्यामागोमाग खडा चढ बहुधा अटळ असतो.

रत्नागिरी ते गणपतीपुळे हा आरे-वारेमार्गे जाणारा सुमारे २५ किमी.चा टप्पा सर्वांत रमणीय होय. दक्षिणेस काजळी नदीवरील भाट्ये पूल ओलांडून पावस व मुचकुंदीच्या मुखावरील पूर्णगड गाठता येतो. उत्तरेस जयगड–तवसाळ आणि धोपावे–दाभोळ या तरींवर सायकल फेरीबोटीत चढवून अनुक्रमे शास्त्री व वाशिष्ठी या नद्यांच्या खाड्या पार करतात.

सड्यावरील कच्च्या वाटांसाठी रुंद व खोल नक्षीचे टायर असलेली पर्वतीय सायकल उपयुक्त ठरते. पावसाळ्यात शेवाळामुळे जांभा निसरडा होतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ प्रशस्त. उक्षी, बारसू इ. ठिकाणच्या सड्यांवर प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला असून, हा अमोल ठेवा अबाधित राहावा यासाठी त्यांवरून चाक न नेणे हे प्रत्येक सायकलस्वाराचे कर्तव्य आहे.