देणारा आणि देणेकरी

डिसेंबर उजाडला की आमच्या खर्डीतही लाल टोपी दिसू लागते. कसारा लोकलने ती मुंबईहून येते, दुकानाच्या दारात लटकते आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोरांच्या डोक्यावर चढते. मग आम्हा मुसलमानांच्या घरांत दरवर्षीचा प्रश्न निघतो. मुलाला सांताक्लॉज होऊ द्यावे की नाही? कुणी म्हणते, हा परक्यांचा सण. कुणी म्हणते, पोरांचा खेळ, त्यात काय एवढे! या वादात मूळ माणूस कोण होता, हे मात्र कुणी विचारत नाही. ते विचारले पाहिजे, कारण त्याची गोष्ट आमच्या शहापूर-मुरबाडच्या हिवाळ्याला फार जवळची आहे.

हा माणूस बर्फाच्या मुलखातला नव्हता. संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील भूमध्य समुद्राकाठचे देमरे. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी : एका बुडालेल्या गृहस्थाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नव्हता, आणि मुलींना देहविक्रयाला लावण्यावाचून बापाला मार्ग दिसत नव्हता. निकोलसने रात्रीच्या अंधारात त्या घरात सोन्याची थैली टाकली. एकदा नव्हे, तीन मुलींसाठी तीनदा. कोण टाकतो ते कळू नये, ही त्याची धडपड.

१०८७ साली इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याच्या अस्थी मायराहून नेल्या आणि युरोपात त्याची कीर्ती वाढली. हॉलंडमध्ये तो सिंटरक्लास झाला. आजही तिथे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी मुले त्याची वाट पाहतात. हे डच नाव अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाले. १८२३ साली तिथल्या एका वर्तमानपत्रातल्या कवितेने त्याला रेनडिअरची गाडी दिली, १८६३पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने रूप दिले, आणि १९३१पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी तो घरोघर पोचवला. इतर देशांनी आपापले देणारे घडवले. इटलीत ६ जानेवारीच्या आदल्या रात्री बेफाना नावाची म्हातारी येते. रशियात क्रांतीनंतर हद्दपार झालेला हिमआजोबा १९३५च्या अखेरीस नववर्षाच्या निमित्ताने परतला. रूपे निराळी, पण थंडीच्या रात्री कुणीतरी न मागता काही देऊन जातो, ही कल्पना सगळीकडे एकच.

आमच्या वाचकांना या ठिकाणी एक दुसरे नाव आठवावे. करबल्यातून वाचलेले इमाम जैनुल आबिदीन मदिन्यात राहत. रात्री पाठीवर पिठाचे पोते घेऊन, तोंड झाकून ते गरिबांच्या दारी जात. घेणाऱ्यांना ठाऊक नसे की देणारा कोण. आठव्या शतकाच्या आरंभी ते वारले, रोज येणारे पीठ थांबले, तेव्हा लोकांना उलगडा झाला. मय्यतीला गुसल देताना पाठीवर पोत्यांचे वळ दिसले, असे आमच्या परंपरेत सांगतात. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण हदीसमध्ये आहे, तशीच इंजीलमध्येही आहे. मग परके कोण आणि आपले कोण?

आमच्या मराठी मुलखात झोळीवाला येतो तो वेगळाच. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव पहाटे दारात येतो तो देण्यासाठी नाही, दान मागण्यासाठी. फकीरही तसाच. पसाभर धान्य घेतो आणि दुवा देऊन जातो. संक्रांतीचा तिळगूळही कुणी दूरचा पाहुणा आणत नाही, शेजारीच शेजाऱ्याच्या हातावर ठेवतो. आमच्या लहानपणापासून तो आमच्याही हातावर पडत आला आहे.

पण या तालुक्यांत आणखी एक पाहुणा येतो. पावसाळा सरता सरता कातकरी वाड्यांवर वीटभट्टीचा मुकादम पैसे घेऊन फिरतो. कुणाच्या घरात आजारपण, कुणाकडे लग्न, कुणाच्या चुलीत नुसती राख. तो न कुरकुरता पैसे मोजतो. याला उचल म्हणतात. दिवाळी झाली की ते बिऱ्हाड मुलाबाळांसह भट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, हजार विटांमागे मजुरी लिहिली जाते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी मोडणारा कायदा १९७६ साली झाला. भट्टीवरच्या वहीतून मात्र ती अजून पुरती पुसली गेलेली नाही.

मराठीत देणारा म्हणजे दाता आणि देणेकरी म्हणजे कर्जदार. शब्द एकाच धातूचे, पण माणसे दोन टोकांची. मुकादम देतो आणि घेणाऱ्याला देणेकरी करून ठेवतो. मायराच्या बिशपने दिले ते मुली विकल्या जाऊ नयेत म्हणून. कुरआनात सूरह तौबामध्ये जकातीचे आठ वाटे सांगितले आहेत. त्यांत एक गुलामीतून मान सोडवण्यासाठी आहे आणि एक कर्जात बुडालेल्यासाठी. जकात कुणाला द्यावी याबद्दल उलेमांनी घालून दिलेल्या मर्यादा आहेत, पण नफिल सदक्याला शेजाऱ्याच्या धर्माची आडकाठी नाही. आम्ही मात्र रमजानमध्ये चादरी, साड्या, शिधा वाटतो, फोटो काढतो आणि दीनची सेवा झाली म्हणतो.

तेव्हा मुलाला लाल टोपी घालायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. घातली तर त्याला मायराची गोष्ट सांगावी, न घातली तरी मदिन्याची सांगावी. आणि आपण मोठ्यांनी एवढे करावे : गावाशेजारच्या वाडीवर दवाखान्याचे बिल कुणाचे अडले आहे, लग्नासाठी कोण उचल घेणार आहे, याची चौकशी पावसाळ्यातच करावी. मुकादमाच्या आधी तिथे पोचावे, जमेल तेवढे द्यावे आणि वही न ठेवता परत यावे.