सॉफ्टवेअर रेड : संगणक सुरू न होणे

सॉफ्टवेअर रेड म्हणजे स्वतंत्र नियंत्रक कार्डाविना, कार्यप्रणालीनेच अनेक डिस्क एकत्र जोडून केलेला संच होय. रेडची संकल्पना पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली मांडली. लिनक्समध्ये असे संच एमडीएडीएम या आज्ञेने हाताळतात.

अशा संचावरील संगणक सुरू झाला नाही, म्हणजे विदा नष्ट झाली असे नव्हे. बूटलोडर एकाच डिस्कवर बसवलेला असल्यास ती निकामी होताच, दुसऱ्या डिस्कवरील प्रत शाबूत असूनही, संगणक सुरू होत नाही. इनिट्रॅमएफएसमध्ये संचाची जुनी नोंद राहिली, तर संच जुळत नाही किंवा एमडी१२७ अशा अनपेक्षित नावाने जुळतो. वीज अचानक गेल्यास (खेडोपाडी हे नित्याचेच) डिस्कांवरील इव्हेंट काउंट जुळेनासे होतात आणि मागे पडलेली डिस्क संचाबाहेर राहते.

तपासणी लाइव्ह पेनड्राइव्हवरून करावी. एमडीस्टॅट या फाइलमध्ये चालू डिस्कसाठी यू हे अक्षर व गहाळ डिस्कच्या जागी अधोरेषा दिसते. एग्झॅमिन पर्यायाने प्रत्येक डिस्कवरील यूयूआयडी व इव्हेंट काउंट टिपून घ्यावेत. मगच असेंबल पर्यायाने संच जुळवावा. येथे क्रिएट पर्याय कटाक्षाने टाळावा. तो संचाची जुनी नोंद पुसून नवी लिहितो. रेड ५ मध्ये डिस्कांचा क्रम चुकला तर शाबूत विदाही वाचता येत नाही, आणि त्यानंतरच्या पुनर्बांधणीत ती कायमची जाते. संच जुळल्यावर इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करून बूटलोडर प्रत्येक डिस्कवर बसवावा.