पोत्सुओलीचे तीन खांब
आता आपण नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत, तीन संगमरवरी खांबांपाशी येऊ. १७५० मध्ये उत्खननात सेरापिस देवाची मूर्ती सापडली, म्हणून याला देऊळ ठरवलं गेलं. खरं तर हा रोमन बाजार! खांबांवर बऱ्याच उंचीवर भोकांचा पट्टा आहे. ती भोकं समुद्रातल्या, दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांतल्या जीवांनी पाडलेली. म्हणजे खांब उभेच राहिले. जमीन समुद्रात बुडाली नि परत वर आली. लायेलनं १८३० साली आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाला हेच मुखचित्र दिलं. आम्हाला विचाराल तर पॉम्पेईआधी हे बघावं. खाली जागा ज्वालामुखी आहे. १९७० मध्ये जमीन उचलू लागली तेव्हा रिओने तेर्रा ही जुनी वस्ती रिकामी करवली. १९८२ ते १९८४ मध्ये जमीन आणखी जवळजवळ दोन मीटर उचलली. २००५ पासून पुन्हा उचलतेय, आणि माणसं तिथेच राहताहेत.