गुरांच्या वैद्यकाची शाळा

भिवंडी म्हटले की यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. पण मागांच्या पलीकडे, तालुक्याच्या गावांतून, भाताची खाचरे आहेत, वरकस जमिनीवरचे गवत आहे आणि म्हशींचे तबेलेही आहेत. अशा घरातल्या दुभत्या म्हशीने एकाएकी वैरण सोडली, तर घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते. तरीही त्याच घरातले पोर “मला गुरांचा डॉक्टर व्हायचंय” म्हणाले, की लगेच उत्तर येते, “व्हायचंच तर माणसांचा हो, ढोरांचा कशाला?” या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास भिवंडीपासून फार लांब नाही, मुंबईत परळला घडला आहे.

जनावरांविषयी दया आपल्याकडे फार जुनी. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ साली मोठा दंगा झाला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पांजरपोळ स्थापन केला. थकलेल्या, लुळ्यापांगळ्या जनावरांना तिथे चारापाणी आणि निवारा मिळू लागला. पण रोग का होतो, एका जनावराचा दुसऱ्याला कसा लागतो, हे सांगणारे कोण होते? खेडोपाडी जाणती माणसे होती. हाड बसवावे, अडलेले वासरू सोडवावे, ते त्यांनीच. मात्र साथ आली, की डाग देणे आणि नवस बोलणे एवढेच हाती उरे.

मग विद्या नव्हतीच का? होती, पण ती होती घोड्यांसाठी. पुण्यास १८६२ साली पशुवैद्यकाची शाळा निघाली ती लष्कराची. घोडदळाचे घोडे धडधाकट राहावेत, ही सरकारची गरज. शेतकऱ्याचा बैल त्या हिशेबात नव्हता. त्याच काळात बुळकांडीच्या साथीने गोठेच्या गोठे रिकामे होत होते. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ साली या साथीवर सरकारला अहवाल दिला. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीराव फुल्यांनी गुरांच्या या दुर्दशेवर आणि जंगल खात्यापायी तुटलेल्या चराईवर बोट ठेवले. बैल मेला की नांगर थांबतो, आणि नांगर थांबला की सावकाराचे दार गाठावे लागते. हे त्या काळच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नव्हते.

अशा वेळी परळला दया आणि विद्या यांची गाठ पडली. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, ते १८८४ साली सुरू झाले. त्याच्याच आधाराने २ ऑगस्ट १८८६ रोजी मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. खेचरांना होणाऱ्या सर्रा या रोगाचा त्यांनी ब्रह्मदेशात अभ्यास केला होता. शेजारीच रुग्णालय असल्याने विद्यार्थ्याला आजारी जनावर समोर पाहता येई, हात लावून शिकता येई. नुसत्या पुस्तकाने ही विद्या येत नाही, बरं का! रोगी स्वतःचे दुखणे सांगत नाही. त्याचे डोळे, त्याचे रवंथ, त्याचे शेण यांवरून ते ओळखावे लागते.

या विद्येचे फळ काय, ते बुळकांडीनेच दाखवून दिले. १८८९ साली पुण्यास जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा निघाली. चार वर्षांनी ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. तिथे १९२० नंतरच्या दशकात एडवर्ड्स यांनी या रोगाचा विषाणू एका बकरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा नेत नेत सौम्य केला आणि त्यापासून गुरांसाठी लस केली. स्वातंत्र्यानंतर, १९५४ पासून, देशभर लस टोचण्याची मोहीम चालली. कोणी पायी, कोणी सायकलवर गोठे गाठले. २००६ साली भारत या रोगापासून मुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसराच रोग! प्रयोगशाळेत लस सापडली हे खरेच. पण गोठ्यात जाऊन ती टोचणारा हात नसता, तर ती कुपीतच राहिली असती.

परळचे ते महाविद्यालय आजही चालू आहे. १९५८ साली नागपूरला आणि १९७२ साली परभणीला अशीच महाविद्यालये निघाली. आज ही सारी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाकडे आहेत. पदवीचा अभ्यास साडेपाच वर्षांचा. त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन आणि पशुपालन. पुढे रोगनिदान, औषधे, शस्त्रक्रिया, प्रजनन. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, शिवाय ‘नीट’ची परीक्षा द्यावी लागते.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, ही वाट वर्गात आठवी-नववीपासूनच सांगा. बारावीला जीवशास्त्र सोडून बसलेल्या मुलाला ती नंतर सांगून काय उपयोग? म्हैस माजावर आली हे नुसत्या हंबरण्यावरून ओळखणारे पोर तुमच्या वर्गात असते, गणितात मागे म्हणून ते मागल्या बाकावर बसते. त्याच्या डोळ्यांपाशी निम्मी विद्या आधीच आहे. उरलेली निम्मी शाळेने द्यायची आहे. आणि आईबापांनो, “ढोरांचा कशाला?” असे विचारण्यापूर्वी एवढेच आठवा: ज्या गोठ्यावर आपली चूल पेटते, त्या गोठ्याचा वैद्य हा आपल्या घराचाच वैद्य असतो.