निद्रिस्त एंजिनास जाग

वरोऱ्याच्या आनंदवनाचे संस्थापक बाबा आमटे यांच्या तरुणपणाचा एक तपशील त्यांचे चरित्रकार आवर्जून सांगतात. मोटार हांकण्याच्या वयांत येतांच त्यांस सिंगर कंपनीची एक स्पोर्ट्‌स् मोटार मिळाली होती आणि तिच्या बैठकी बिबळ्याच्या कातड्यानें मढविलेल्या होत्या. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिती स्थापन केली, त्यापूर्वींच तो सारा थाट त्यांनीं मागें टाकला होता. त्या गाडीची निर्माती कंपनी इंग्लंडांतील कॉव्हेंट्री गांवची. प्रथम सायकली व मागाहून मोटारी करणाऱ्या या कंपनीचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. विल्यम रूट्स नांवाचा एक मुलगा तिच्या कारखान्यांत उमेदवारी करून गेला होता. त्याच मुलाच्या पुढें वाढलेल्या व्यवसायानें १९५६ च्या सुमारास ती विकत घेतली, आणि १९७० सालीं सिंगर हें नांव बाजारांतून नाहींसें झालें.

चांद्याच्या मुलुखांत मोटार प्रथम आली ती अशी, श्रीमंतांच्या हौशीची वस्तु म्हणून. परंतु तिचा खरा इतिहास हौशीचा नव्हे. चांदा जिल्ह्याचें नांव पुढें चंद्रपूर झालें आणि १९८२ सालीं त्याच्या पूर्वेकडील अरण्यभागाचा गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. या प्रदेशांत आगगाडी मोटारीच्या आधीं आली खरी, पण ती कोळशासाठीं व लांकडासाठीं आली, माणसांच्या सोयीसाठीं आली असें म्हणवत नाहीं. वरोऱ्याच्या खाणींतील कोळसा नेण्यास वर्ध्याकडून फांटा काढण्यांत आला. गोंदियाहून नागभीडमार्गें चांद्यास जाणारा अरुंद रूळमार्ग आजच्या गडचिरोली जिल्ह्यास वडशापाशीं जेमतेम स्पर्श करून पुढें गेला. वडशाच्या पलीकडे आलापल्ली, भामरागड, सिरोंचा हा सारा प्रदेश बैलगाडीच्या व डोंग्याच्या स्वाधीन. पर्लकोटा नदीस पूर आला कीं भामरागडचा संबंध जगाशीं तुटावयाचा, हा क्रम तर अगदीं अलीकडच्या पावसाळ्यांपर्यंत चालू राहिला आहे. अशा ठिकाणीं चालूं शकणारें एंजिन ही चैन नसून रोगी, पत्र व धान्य यांचा आधार होता.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां हिंदुस्थानांतील पुष्कळ मोटारी व लॉऱ्या लांकडी कोळशाच्या वायूवर चालविण्यांत आल्या. गाडीच्या पाठीमागें पत्र्याची उभी भट्टी, तींत पेटता कोळसा आणि हवा मोजकीच. अपुऱ्या हवेंत कोळसा जळला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील पण विषारी वायु निघतो. तो गाळून, थंड करून एंजिनांत सोडावयाचा. गाडी चाले, पण शक्ति बरीच कमी मिळे. सकाळीं भट्टी पेटवून वायु चांगला येईपर्यंत वाट पाहावी लागे, आणि गाळणी नीट साफ केली नाहीं तर राख व डांबर आंत जाऊन दट्टे झिजत. वनप्रदेशांत कोळशाला तोटा नव्हता. एंजिनें मात्र त्यामुळें अकालीं म्हातारीं झालीं.

युद्ध संपलें आणि जीप आली. विलीस व फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून युद्धकाळांत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या केल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनी मुंबईस तिची जुळणी करूं लागली. तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, सुमारें २२०० घनसेंटिमीटरांचें व ६० अश्वशक्तीचें. त्यांत नाजूक असें कांहींच नव्हतें, आणि झाडाखालीं बसून तें उघडतां येई. पुढें पेट्रोल महाग झालें, तेव्हां देशभर असंख्य जुन्या जीपगाड्यांतून मूळ एंजिन उपटून डिझेल एंजिन बसविण्यांत आलें. मूळ एंजिन भंगारवाल्याच्या तराजूंत गेलें. गाडी वांचली आणि तिचा प्राण विकला गेला, असा हा व्यवहार होता. पोटासाठीं गाडी चालविणाऱ्यास मात्र त्याबद्दल दोष देतां येणार नाहीं.

म्हणूनच ज्या थोड्या गाड्यांत मूळ एंजिन शिल्लक आहे, त्यांत पुन्हां जीव आणण्याचें काम महत्त्वाचें ठरतें. या कामांत सर्वांत मोठा शत्रु गंज नव्हे, उतावीळपणा होय. तीस वर्षें गोठ्यांत पडलेली गाडी हातीं येतांच नवी बॅटरी जोडून ती सुरू करूं पाहणारा मनुष्य एका क्षणांत जो नाश करतो, तो तीस पावसाळ्यांनीं केलेला नसतो. दट्ट्याभोंवतींचीं कडीं सिलिंडरच्या भिंतीस गंजानें चिकटलेलीं असतात. जोरानें फिरविल्यास तीं मोडतात व भिंतीवर ओरखडे उठतात. जाणता कारागीर प्रथम ठिणगीचे प्लग काढतो, प्रत्येक सिलिंडरांत पातळ तेल ओततो आणि कांहीं दिवस स्वस्थ बसतो. मग पुढचें हँडल घालून हातानें हळूहळू पुढेंमागें हालवून पाहतो. हललें नाहीं तर पुन्हां तेल व पुन्हां प्रतीक्षा.

जंगलप्रदेशांत इतर उपद्रवहि आहेत. धुराच्या नळींत उंदीर घर करतात. कुंभारीण माशी उघड्या पेट्रोलनळीच्या तोंडाशीं मातीचें घरटें बांधून तें पक्कें लिंपते, आणि बाहेरून नळी निर्दोष दिसते. जुन्या मोटारींचा सांगाडा बहुधा अॅश नांवाच्या विलायती लांकडाचा असे. आपल्याकडील वाळवीस तें गोड लागतें. असा सांगाडा नव्यानें करावयाचा झाल्यास सागासारखें लांकूड नाहीं, व तें तर आलापल्लीचेंच प्रसिद्ध.

एंजिन फिरूं लागलें म्हणजे पेट्रोलाकडे वळावें. टाकींतील जुनें पेट्रोल आटून त्याचा राळेसारखा थर झालेला असतो व तो कार्ब्युरेटरचीं बारीक छिद्रें बुजवितो. येथें आजच्या काळाची एक नवी अडचण आहे. २०२३ पासून आपल्या देशांत वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुनें रबर व बुचाचे तरंगते गोळे खराब करतें. सबब नळ्या व पडदे नव्या प्रकारच्या रबराचे घालावे लागतात आणि गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी रिकामी करावी लागते.

तेलाचा प्रश्न त्याहून गंभीर. या जुन्या एंजिनांच्या बेअरिंगांत पांढऱ्या मऊ धातूचें अस्तर असतें आणि कोरडें फिरलें तर तें वितळतें. म्हणून प्लग काढलेल्या स्थितींतच एंजिन पुष्कळ वेळ फिरवून तेल सर्वत्र पोंचवावें व दाबाचा कांटा उठलेला पाहावा, त्याशिवाय ठिणगी देऊं नये.

आतां ठिणगी. सारें नवें करूनहि, रंग चकचकीत असूनहि एंजिन सुरू होत नाहीं, तेव्हां चूक बहुधा येथें असते. चार सिलिंडर एका ठराविक क्रमानें पेटले पाहिजेत. जीपचा क्रम एक, तीन, चार, दोन असा, तर फोर्डच्या टी मॉडेलचा एक, दोन, चार, तीन असा आहे. एकाची संवय दुसऱ्याच्या तारा जोडतांना वापरली कीं एंजिन नुसतें खोकतें व कार्ब्युरेटरांतून आग ओकतें. दुसरी नेहमींची चूक अशी कीं, दट्ट्या चार फेऱ्यांत दोनदां माथ्यावर येतो, परंतु ठिणगी त्यांपैकीं एकदांच हवी असते. ती नेमकी उलट वेळीं बसली तर कितीहि हँडल मारलें तरी उपयोग होत नाहीं. यास्तव पहिल्या प्लगच्या छिद्रावर अंगठा धरून हवेचा दाब केव्हां येतो तें पाहणें ही जुनी रीत अजूनहि सर्वांत विश्वसनीय आहे.

हँडल मारणें हेंहि एक शास्त्रच होतें. ठिणगी वेळेपूर्वीं पडली तर हँडल उलट फिरून मनगट मोडतें. म्हणून ठिणगी उशिराची ठेवून, अंगठा बोटांच्याच बाजूस घेऊन, हँडल खालून वर ओढावयाचें, खालीं ढकलावयाचें नाहीं. चार्ल्‌स केटरिंग याच्या विजेच्या स्टार्टरनें १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत ही भीति प्रथम दूर केली, तरी जीपला हँडलाची सोय ठेवलेली होतीच.

एंजिन एकदां बोललें म्हणजे कसोटी संपत नाहीं. निळा धूर तेल जळत असल्याचें सांगतो, काळा धूर पेट्रोल जास्त असल्याचें, आणि पांढरा धूर थांबेना तर पाणी आंत शिरत असल्याचें. चंद्रपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. तेव्हां नळींतच पेट्रोलची वाफ होऊन चालती गाडी बंद पडते. जुने ड्रायव्हर पेट्रोलपंपावर ओलें फडकें गुंडाळीत. उपाय गांवठी खरा, पण शास्त्रशुद्ध आहे.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं वेगळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. सांगाडा, बांधा व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व दहा वर्षांनंतर पुन्हां नोंदणीस पांच हजार रुपये शुल्क ठरलें, आणि क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें व्हीए हीं अक्षरें आलीं. डिझेल एंजिन घातलेल्या जीपगाड्यांस हें दार सहसा बंदच. नोंदलेल्या गाडीसहि रोजच्या वापराची मुभा नाहीं. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणें एवढ्याचसाठीं तिनें रस्त्यावर यावें आणि आपल्याच चाकांनीं घरीं परत जावें.