आजीचं घड्याळ अडीच तास मागे का?



रविवारी टेक्का मार्केटमधून कढीपत्ता, नारळ घेऊन सेरंगून रोडवर आलो आणि लेकीने दादरला आजीला व्हिडिओ कॉल लावला. इथे साडेदहा, तिकडे आठ. "आई, अडीचच तास का? सरळ दोन का नाहीत?" मी सीए, दिवसभर आकड्यांतच असते, पण उत्तर येईना. घरी येऊन वाचत बसले.

गंमत म्हणजे, एके काळी दोनच होते! युद्धानंतर सिंगापूर ग्रीनिचच्या साडेसात तास पुढे होतं. १ जानेवारी १९८२ ला मलेशियाने आपल्या दोन्ही भागांची वेळ एक करायला द्वीपकल्पातलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं, सिंगापूरनेही लगेच तेच केलं. त्याआधी जपानी अमलात इथे चक्क टोकियोची वेळ होती. राज्य बदललं की घड्याळ बदलायचं.

आपल्या मुंबईचं तर विचारूच नका. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा गिरणी कामगारांपासून नगरपालिकेतल्या पुढाऱ्यांपर्यंत अनेकांनी विरोध केला. ३९ मिनिटं मागे असलेला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत टिकला. वेळ वरून लादली, हेच लोकांना खुपलं.

मग आज मुंबई आणि सिंगापूरचे कॉम्प्युटर भांडत का नाहीत? कारण सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, म्हणजे एनटीपी, सगळ्यांसाठी खुला प्रसिद्ध केला. कुणीही वाचा, कुणीही वापरा, लायसन्स फी नाही. तुमचा कॉम्प्युटर सर्व्हरला वेळ विचारतो, निरोप जायला-यायला लागलेला वेळ हिशेबात धरतो आणि स्वतःला दुरुस्त करतो. पाठवली जाते ती फक्त जागतिक वेळ, यूटीसी. साडेपाच किंवा आठ तास आपापलं यंत्र मिळवतं. आमच्या भाषेत सांगायचं तर वही एकच, फक्त रिपोर्ट आपापल्या चलनात!

याची किंमत मला एका ३१ मार्चला कळली. ज्युनिअर मुलीची एंट्री १ एप्रिल, १२ वाजून ३ मिनिटांची दिसत होती. ती रडवेली होऊन सांगत होती, "मॅडम, मी बाराच्या आत केली." सगळ्यांना ती खोटं बोलतेय असंच वाटलं. खरं सांगते, मलाही. शेवटी कळलं की सर्व्हरचं घड्याळ ११ मिनिटं पुढे होतं, एनटीपी कुणी चालूच केलं नव्हतं. मी तिची माफी मागितली.

आता भारतात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह ठेवावी लागते. घड्याळच चुकलं तर साक्षही चुकते.

मिल्स जानेवारी २०२४ मध्ये गेले. लेकीला म्हटलं, अडीच तास सरकारांनी ठरवले, पण सेकंद जुळतात ते एका माणसाने आपलं काम सगळ्यांना मोकळं दिलं म्हणून.

तुमची मुलं आजी-आजोबांच्या वेळेचा हिशेब कसा लावतात? नक्की सांगा.