रिमॉर्स : मनाने घेतलेला चावा

‘रिमॉर्स’ हे इंग्रजीतील भाववाचक नाम. आपल्याच हातून घडलेल्या दुष्कृत्याबद्दल मनाला लागून राहणारी तीव्र टोचणी, हा त्याचा अर्थ. ‘पश्चात्ताप’ आणि ‘अनुताप’ हे त्याचे मराठीतील जवळचे प्रतिशब्द होत.

व्युत्पत्ती : हा शब्द लॅटिन ‘रेमोर्देरे’ या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘रे’ म्हणजे पुन्हा, ‘मोर्देरे’ म्हणजे चावणे. पोर्तुगीजमधील ‘रेमोर्सो’ याच कुळातला. कॅन्टरबरी येथील एका मठवासी साधूने १३४० मध्ये फ्रेंचवरून भाषांतरित केलेल्या नीतिग्रंथाचे नाव ‘आयेनबाइट ऑफ इनविट’, म्हणजे सदसद्विवेकाचा पुन्हा पुन्हा बसणारा चावा, असे होते. संस्कृत ‘पश्चात्ताप’ शब्दात मात्र चाव्याऐवजी दाह आहे : मागाहून होणारा ताप. ‘त्याचे मन त्याला खाते’ हा आपला वाक्प्रचार लॅटिन कल्पनेच्या अधिक जवळचा.

उपयोग : या नामाचे अनेकवचन होत नाही आणि त्यापासून क्रियापदही नाही. ‘फील रिमॉर्स’ म्हणजे पश्चात्ताप होणे, ‘शो रिमॉर्स’ म्हणजे तो वागण्याबोलण्यातून दिसणे. कृत्याचा निर्देश ‘फॉर’ या शब्दयोगी अव्ययाने होतो. ‘रिमॉर्सफुल’ म्हणजे पश्चात्तापदग्ध, तर ‘रिमॉर्सलेस’ म्हणजे निर्दय. अविरत कोसळणाऱ्या पावसालाही हे विशेषण लावतात.

अर्थभेद : ‘रिग्रेट’ म्हणजे खेद, खंत किंवा हळहळ. गाडी चुकली, संधी हुकली, तरी रिग्रेट वाटतो. त्यात अपराध असावाच लागतो असे नाही. ‘गिल्ट’ म्हणजे अपराध किंवा अपराधीपणाची भावना. न्यायालयात गिल्ट सिद्ध होतो, पण रिमॉर्स सिद्ध झालेल्या गुन्ह्यानंतरही मनात उमटेलच असे नाही. म्हणूनच शिक्षेचा विचार होताना दोषी व्यक्तीला पश्चात्ताप झाला आहे का, हा प्रश्न वेगळा विचारला जातो.

भाषांतरात हा भेद सांभाळणे अगत्याचे आहे. ‘आरोपीने खेद व्यक्त केला नाही’ आणि ‘आरोपीला पश्चात्ताप झालेला दिसला नाही’ ही विधाने एक नव्हेत. पहिले शिष्टाचाराविषयी आहे, दुसरे माणसाच्या अंतःकरणाविषयी. त्याचप्रमाणे ‘गैरसोयीबद्दल खेद आहे’ या सरकारी फलकात रिग्रेट असतो, रिमॉर्स नसतो. खेद पत्रकाने कळवता येतो, पश्चात्ताप मात्र आचरणातूनच पटवावा लागतो.